नोकरी गेली, तेव्हा सलीम अली सुगरणीचे खोपे बघत बसले आणि इतिहास घडला

पावसाळ्यात कधी फुलसावंगीला गेलात तर गावाबाहेर थोडं चालून या. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं हे गाव. या भागात कपाशी आणि सोयाबीनच्या शेतांमधून नाले वाहतात आणि पाणी शेवटी पैनगंगेकडे जातं. अशा एखाद्या नाल्याच्या काठाकाठानं जाणारी पायवाट धरली, तर पाण्यावर झुकलेल्या बाभळीला वाळक्या दुधीभोपळ्यांसारखं काहीतरी लटकलेलं दिसतं. एक नाही, दहा-वीस.

ते सुगरणीचे खोपे. बहिणाबाईंच्या कवितेमुळे हा पक्षी प्रत्येक मराठी घरात पोहोचलाय.

आता थोडं थांबून नीट बघा. काही खोपे पूर्ण आहेत, खाली लांब नळी आलेली आहे. काही मात्र अर्धेच विणून सोडलेत, उलट्या टोपीसारखे. मग प्रश्न पडतो, एवढी मेहनत करणारा पक्षी काम अर्धवट का सोडतो?

हाच प्रश्न सुमारे ९५ वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता. तेव्हा त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि असलेली नोकरी नुकतीच गेली होती. घरात बायको होती आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. त्याच्याकडे भरपूर होता तो फक्त वेळ. त्यानं तो वेळ झाडाकडे बघत घालवला आणि त्यातून भारतात पक्षी बघण्याची एक नवी पद्धत रुजली.

ते होते सलीम अली. सगळं जग त्यांना भारताचा पक्षीपुरुष म्हणून ओळखतं. पण या ओळखीच्या आधी बरीच वर्षं त्यांच्या वाट्याला अपयशच आलं होतं.

खेतवाडीतलं पोर आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

१२ नोव्हेंबर १८९६. मुंबईतल्या एका सुलेमानी बोहरा कुटुंबात एक मूल जन्माला आलं. नाव ठेवलं सलीम. तो एक वर्षाचा असताना वडील गेले आणि तीन वर्षांचा असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना गिरगावजवळच्या खेतवाडीतल्या आपल्या घरी आणलं. मामा-मामींना स्वतःचं मूल नव्हतं. भाचरांनी घर भरून गेलं.

त्या काळच्या सुखवस्तू घरांमध्ये शिकार ही अभिमानाची गोष्ट होती. सलीमच्या हातात लहानपणीच छऱ्याची बंदूक आली आणि तो चिमण्या टिपत हिंडायला लागला. मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचं, हे त्याचं स्वप्न. पक्ष्यांचा रक्षक वगैरे व्हायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं.

एके दिवशी त्यानं पाडलेली चिमणी त्याला वेगळी वाटली. रंगरूप साधारण चिमणीसारखंच, पण गळ्यावर पिवळा ठिपका. असली चिमणी खाल्लेली चालते का, हा त्याच्या घरातला साधा व्यवहारी प्रश्न होता. तो पक्षी घेऊन मामाकडे गेला. मामांनाही तो ओळखता येईना. पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि पोराला तिकडे धाडलं.

ही सोसायटी म्हणजे बीएनएचएस. १८८३ साली मुंबईतल्या आठ निसर्गप्रेमींनी ती सुरू केली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते. एक, प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग. दुसरे, डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. सोसायटीचा कारभार सुरुवातीची अनेक वर्षं फोर्टमधल्या फिप्सन कंपनीच्या जागेतून चालायचा, आणि ही कंपनी होती दारूविक्रीची! मिलार्डही त्याच कंपनीत होते.

तर दहा-अकरा वर्षांचा सलीम मेलेली चिमणी कागदात गुंडाळून एका गोऱ्या साहेबासमोर घाबरत उभा राहिला. साहेबानं पक्षी पाहिला आणि लगेच ओळखला. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. पण मिलार्ड तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी एकेक खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. आपल्या आजूबाजूला एवढ्या प्रकारचे पक्षी असतात, हे सलीमला पहिल्यांदाच कळत होतं. मिलार्डनी त्याला वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्यांची कातडी जपून कशी ठेवायची, नोंदी कशा करायच्या हे शिकवण्याची सोय केली.

एखाद्या मोठ्या माणसानं लहान मुलाच्या प्रश्नाला अर्धा तास दिला तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण. पुढे सलीम अलींनी आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा त्याच्या नावातही ही चिमणी आली. द फॉल ऑफ अ स्पॅरो, म्हणजे एका चिमणीचं पडणं.

सगळीकडे नापास

इथून पुढे पोरगा अभ्यास करून शास्त्रज्ञ झाला असेल, असं वाटेल. तसं काही झालं नाही.

सलीमला डोकेदुखीचा त्रास सुरू झाला आणि शाळा सारखी बुडायला लागली. हवापालटासाठी त्याला काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवलं. १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण तिथेही मन रमेना. शेवटी कॉलेज सोडून तो ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये तवॉय इथं गेला. तिथं घरच्यांचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता.

धंदा सांभाळायला गेलेला हा तरुण दिवसभर जंगलात पक्ष्यांमागे असायचा. मग धंद्याचं काय होणार? बसला. १९१७ मध्ये ते मुंबईला परत आले. कुटुंबाला वाटलं, निदान हिशेब तरी शिकावा. म्हणून दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला घातलं. पण झेवियर्समधले फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसायला लावलं. सकाळी हिशेब आणि नंतर प्राणिशास्त्र, अशी कसरत सुरू झाली.

डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या होत्या. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी जे केलं, त्याशिवाय सलीम अलींची गोष्ट इथंच संपली असती.

पक्ष्यांवरच पोट भरायचं, हे आता सलीम अलींनी पक्कं केलं होतं. पण झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीशास्त्रज्ञाची जागा निघाली, तिथं त्यांना घेतलं नाही. कारण साधं होतं, विद्यापीठाची पदवी नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्या निसर्ग विभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याचं काम मिळालं. पगार महिन्याला ३५० रुपये. शाळेच्या मुलांना आणि पाहुण्यांना काचेमागचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, हे काम.

दोन वर्षांत ते कंटाळले. काचेमागच्या मेलेल्या पक्ष्यांबद्दल रोज तेच तेच बोलायचं आणि बाहेर जिवंत पक्ष्यांचं जग तसंच राहायचं, हे त्यांना जमेना. १९२८ मध्ये त्यांनी शिकण्यासाठी रजा घेतली आणि थेट बर्लिन गाठलं.

बर्लिनमध्ये काय वेगळं होतं?

हे समजून घ्यायचं तर त्या काळचं पक्षीशास्त्र कसं होतं ते बघावं लागेल. पक्षीशास्त्र म्हणजे मुख्यतः बंदूक आणि लेबल. पक्षी मारायचा, कातडी काढून त्यात कापूस भरायचा, मोजमाप घ्यायचं, नाव द्यायचं आणि खणात ठेवायचा. भारतातले बहुतेक नामांकित पक्षीअभ्यासक ब्रिटिश अधिकारी होते आणि त्यांनी याच पद्धतीनं प्रचंड संग्रह उभे केले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव आपण शाळेत शिकतो, ते ॲलन ह्यूमही त्यातलेच. त्यांनी जमवलेले हजारो पक्षी लंडनच्या संग्रहालयाला गेले.

या पद्धतीतून कुठं कोणता पक्षी आहे, ते कळलं. पण तो जगतो कसा, जोडीदार कसा निवडतो, पिलं कोण वाढवतं, हे मेलेल्या पक्ष्याकडून कळत नाही.

बर्लिनच्या संग्रहालयात तेव्हा एर्विन श्ट्रेझेमान नावाचे प्राध्यापक होते. जिवंत पक्ष्यांचा अभ्यास हाच शास्त्राचा पुढचा रस्ता आहे, असं मानणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव मोठं. त्यांनी पदवी नसलेल्या या भारतीय माणसाला आपल्याजवळ ठेवून घेतलं. सलीम अली नंतर आयुष्यभर त्यांना गुरू मानत राहिले. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर जाऊन त्यांनी पक्ष्यांच्या पायात खूणकडी घालून त्यांचा प्रवास कसा शोधतात, तेही पाहिलं.

डोक्यात नव्या कल्पना घेऊन ते १९३० मध्ये मुंबईला उतरले. आणि कळलं, की म्युझियमनं पैशांअभावी त्यांची जागाच रद्द केली आहे.

किहीमचा पावसाळा

वय तेहतीस. पदरात संसार. मुंबईत राहणं परवडणारं नव्हतं. मग दोघं नवरा-बायको मुंबईच्या समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. आज तिथं शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी आणि भातशेती असलेलं ते शांत गाव होतं.

पाऊस सुरू झाला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत जमायला लागली. आपल्या नाल्याकाठच्या बाभळीवर जमते, अगदी तशीच.

सलीम अलींनी उंचावर एक आडोसा उभा केला आणि त्यामागे तासन् तास बसायला सुरुवात केली. पक्ष्यांना त्यांची सवय झाली. मग कोणता नर कोणता खोपा विणतोय, कधी कोण आलं, कोण गेलं, हे रोज वहीत उतरायला लागलं. एक दिवस नाही, आठवडा नाही. काही महिने.

त्यातून जे दिसलं ते असं.

मराठीत आपण सुगरण म्हणतो, नाव बाईचं. पण खोपा विणतो नर. हे जुन्या निरीक्षकांनाही माहीत होतं. भाताची, गवताची पाती चोचीनं उभी चिरून त्यांचे लांब धागे काढायचे आणि गाठी मारत विणायचं. एका खोप्यासाठी नर शेकडो फेऱ्या मारतो. प्रश्न होता तो अर्धवट खोप्यांचा. जास्तीचे खोपे नर आपल्या करमणुकीसाठी किंवा स्वतःला बसायला बांधतो, असं तोवर मानलं जायचं.

सलीम अलींनी पाहिलं, की खोपा अर्धा झाला, म्हणजे टोपीच्या आकाराला आला, की नर थांबतो आणि पंख फडफडवत आरडाओरडा सुरू करतो. मग माद्यांचा थवा येतो. माद्या खोप्यात शिरून विणकाम तपासतात, ओढून बघतात. एखादीला पसंत पडला तर ती त्याचा ताबा घेते. तेव्हाच नर पुढचं काम करतो, अंड्यांची खोली आणि ती लांब नळी पूर्ण करतो. कुणालाच पसंत पडला नाही तर तो खोपा तसाच राहतो. नाल्याकाठी दिसतात ते अर्धे खोपे म्हणजे बरेचदा नापास झालेलं काम!

खरी गंमत पुढे आहे. मादी अंडी घालून उबवायला बसली, की नर शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो. मग दुसरी मादी. जमलं तर तिसराही. म्हणजे एका हंगामात एका नराचे एकामागून एक असे अनेक संसार. पिलं वाढवण्याचा बहुतेक भार मादीवर. खोपे जास्त का, अर्धवट का, या सगळ्याचं उत्तर या एका गोष्टीत होतं.

१९३१ मध्ये बीएनएचएसच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. पदवी नसलेल्या, नोकरी गेलेल्या माणसाचं नाव जगभरच्या पक्षीशास्त्रज्ञांना माहीत झालं. यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नव्हती. लागलं ते एक झाड, एक वही आणि न कंटाळता बघण्याची तयारी.

सुगरण भारतात ठिकठिकाणी होती. लाखो लोक रोज तिच्या झाडाखालून जात होते. पण तिच्यासमोर एक अख्खा हंगाम कुणी असं बसलं नव्हतं.

फुकट काम करतो, फक्त खर्च द्या

नाव झालं, पण नोकरीचा पत्ता नव्हता. मग सलीम अलींनी एक शक्कल लढवली. भारतात तेव्हा शेकडो संस्थानं होती आणि अनेकांच्या हद्दीतल्या पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नव्हती. त्यांनी संस्थानांना सांगितलं, तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, माझे पैसे देऊ नका, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च करा.

सुरुवात झाली हैदराबाद संस्थानापासून. फुलसावंगीकरांसाठी हे संस्थान लांबचं नव्हतं. यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडात होता आणि पैनगंगेच्या पलीकडचा मराठवाडा निजामाच्या राज्यात. नदी हीच दोन मुलखांमधली हद्द होती. पक्ष्यांना अर्थातच ती माहीत नव्हती.

त्यानंतर त्रावणकोर, कोचीन, म्हैसूर, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर, कच्छ असे दौरे होत राहिले. तंबू, बैलगाड्या, जंगलातले मुक्काम, मच्छर आणि हिवताप. यातल्या बऱ्याच दौऱ्यांमध्ये तेहमिना सोबत होत्या. तळ उभा करणं, खर्च सांभाळणं, नोंदी नीट लावणं ही कामं त्या बघायच्या. सलीम अलींचं लिखाण सोपं आणि वाचनीय झालं त्याचं बरंचसं श्रेय ते तेहमिनांनाच द्यायचे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या दौऱ्यांमध्ये सलीम अलींनी पक्षी मारलेही. आजच्या पक्षीनिरीक्षकाला हे खटकेल. पण तेव्हा चांगल्या दुर्बिणी, कॅमेरे, ओळख पटवणारी पुस्तकं हाताशी नव्हती आणि शास्त्रीय नोंदीसाठी नमुना लागतोच, असं ते मानायचे. हौसेसाठी मारणं आणि अभ्यासासाठी नमुना घेणं या दोन्हींत ते फरक करायचे. फरक असा, की त्यांचं काम नमुन्यापाशी संपत नव्हतं. पक्षी कुठं बसतो, काय खातो, कधी घरटं करतो, हे त्यांच्या वहीत आधी यायचं.

१९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना अचानक गेल्या. सलीम अली कोसळले. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कामू आणि मेहुणे हसन अली यांच्या वांद्र्याच्या पाली हिलवरच्या घरी ते राहायला गेले आणि तिथून त्यांनी पुन्हा कामाला सुरुवात केली.

एका पुस्तकानं काय केलं?

१९४१ मध्ये बीएनएचएसनं त्यांचं द बुक ऑफ इंडियन बर्ड्स प्रसिद्ध केलं. तोपर्यंत भारतीय पक्ष्यांवरची पुस्तकं म्हणजे जाडजूड, महागडे ग्रंथ. शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी लिहिलेले. हे पुस्तक वेगळं होतं. पक्ष्याचं रंगीत चित्र, साधी भाषा आणि आकार सांगायची एक भन्नाट युक्ती. पक्षी किती इंचांचा, हे सांगून दूर फांदीवरचा पक्षी कसा ओळखणार? म्हणून चिमणीएवढा, बुलबुलएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा, अशी ओळखीच्या पक्ष्यांची मापं त्यांनी दिली. ही मापं शेतात उभ्या असलेल्या माणसालाही कळतात.

या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडे दुर्बीण गळ्यात अडकवून पाणवठ्यावर जाणाऱ्यांच्या अनेक पिढ्या या पुस्तकानं घडवल्या.

पुढे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा हँडबुक ग्रंथ पूर्ण केला. पहिला खंड १९६८ मध्ये आला आणि शेवटचा १९७४ मध्ये. तेव्हा सलीम अलींचं वय होतं ७७!

आणि हे सगळं एका जागी बसून नाही. १९५० मध्ये स्वीडनच्या उप्साला शहरात पक्षीशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद होती. मोटारसायकलचं प्रचंड वेड असलेले सलीम अली आपली सनबीम गाडी घेऊन युरोपात गेले आणि पन्नाशी उलटलेली असताना ती चालवत परिषदेला पोहोचले.

भरतपूर, आणि बघण्यातून सुधारलेली चूक

स्वातंत्र्यानंतर बीएनएचएस पैशांच्या अडचणीत सापडली. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत प्रश्न नेला आणि संस्था तगली. राजस्थानातल्या भरतपूरच्या तळ्यांसाठीही त्यांनी जोर लावला. हे तळं म्हणजे महाराजांचं शिकारीचं मैदान. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथं एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले गेले होते. तेच ठिकाण पुढे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. केरळमधलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणूनही त्यांनी आवाज उठवला.

पण भरतपूरच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथं गुरं चारायला बंदी आली. या बंदीला सलीम अलींचा पाठिंबा होता. म्हशी गेल्या की पक्ष्यांचं भलं होईल, अशी समजूत. १९८२ मध्ये यावरून गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले.

पुढे काय झालं? बीएनएचएसच्याच शास्त्रज्ञांनी तिथं सुमारे दहा वर्षं अभ्यास केला. दिसलं असं, की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं, तळी भरत गेली आणि पाणपक्ष्यांना मोकळं पाणी कमी पडायला लागलं. म्हणजे म्हशी त्या तळ्याचं काम करत होत्या, आणि चरण्यावरची सरसकट बंदी चुकीची होती.

एवढ्या मोठ्या माणसाचं मतही त्याच्याच संस्थेनं तपासलं आणि जसं दिसलं तसं मांडलं. किहीमला सुगरणीबाबतही हेच झालं होतं. आधीच्या जाणकारांची समजूत एका बाजूला आणि महिनोन् महिने डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्या बाजूला. फक्त भरतपूरच्या चुकीची किंमत माणसांनी मोजली होती. आज अभयारण्याशेजारच्या गावांचा आणि वनखात्याचा वाद निघतो, तेव्हा ही गोष्ट दोन्हीकडच्यांनी आठवायला हरकत नाही.

मान मिळाला, पैसे वाटून टाकले

ज्या माणसाला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली होती, त्याला नंतर विद्यापीठांनी बोलावून मानद डॉक्टरेट दिल्या. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पॉल गेटी पुरस्कारही मिळाला, रक्कम ५० हजार डॉलर. ती त्यांनी स्वतःकडे ठेवली नाही, निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले.

१९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांचं निधन झालं. पुढे कोइम्बतूरला त्यांच्या नावानं राष्ट्रीय पक्षी संशोधन केंद्र उभं राहिलं. छत्रपती संभाजीनगरमधला सलीम अली सरोवरही त्यांच्याच नावाचा.

महाराष्ट्रानं त्यांची आठवण आणखी एका प्रकारे ठेवली आहे. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलांत अनेक वर्षं काढली आणि पक्ष्यांच्या मराठी नावांचा मोठा ठेवा जमवला. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्य सरकार पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतं.

मग नाल्याकाठी काय करायचं?

नोव्हेंबरमध्ये पाऊस संपलेला असतो, नाल्याचं पाणी संथ झालेलं असतं आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात. फुलसावंगीसारख्या गावात कोणताही नाला किंवा पाझर तलाव या सप्ताहासाठी पुरेसा आहे. महागडा कॅमेरा नसला तरी चालतो.

सकाळी ऊन चढायच्या आत जा. भडक कपडे नकोत, गाणी नकोत. एका जागी वीस मिनिटं न हलता बसा. पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसणार नाही, कारण तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प झालेले असतात. मग हळूहळू टिटवी ओरडायची थांबते, खंड्या आपल्या ठरलेल्या फांदीवर परत येतो, शेपटी हलवत धोबी काठावर उतरतो आणि दगड वाटत होता तो बगळा असल्याचं लक्षात येतं. वहीत तारीख, वेळ, जागा लिहा. पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर चिमणीपेक्षा मोठा की मैनेपेक्षा लहान, रंग काय, करत काय होता, एवढं लिहा. नाव नंतर सापडतं. घरट्याच्या फार जवळ जाऊ नका आणि फोटोसाठी फांद्या तर अजिबात तोडू नका.

बाभळीवरचे खोपे तोवर रिकामे झालेले असतील. सुगरणी थव्यानं शेतांकडे गेलेल्या असतील. पण खोपे तिथंच असतील, काही पूर्ण, काही अर्धे. पूर्ण किती आणि अर्धे किती, ते मोजून वहीत लिहा. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच झाडाखाली बसायचं असेल, तर हा आकडा लागेल.